पैलथडीचं नाव

डांगराचा वास आला आणि धनूचे पाय आपोआप मंदावले.

ऊन अजून कोवळं होतं. गोमाईच्या कोरड्या पात्रात भोयांच्या डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या भरात आल्या होत्या; वेलांखाली पिकून तडकलेल्या डांगरांचा तो गोड, गार वास सकाळच्या वाऱ्याबरोबर अख्ख्या वाटेवर पसरला होता. सुपडूकाका काठी टेकत बरेच पुढे गेले होते. थोरली बहीण भिकू मागे रेंगाळली होती. आणि धनूच्या कडेवर भिकूचं बाळ होतं, तिच्या गळ्यातली मण्यांची माळ मुठीत धरून मनसोक्त लाळ गाळत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आलेली. सासरी गेलेल्या लेकीला आखाजीसाठी माहेरी घेऊन येणारा तो मुराळी. धनूला भाऊ नव्हता, बापाला हिवताप भरलेला, म्हणून यंदा काका मुराळी झाले होते. त्यात गाडीचा बैल ऐन वेळी लंगडला. भिकूचं सासर शहाद्याजवळ. तिथून गोमाईच्या काठाकाठानं प्रकाशा, मग तापी उतरून माहेर, निंबोदं. सारी वाट पायी. बाळ उचलायला कोणी तरी हवं म्हणून धनू बरोबर आली होती.

वाटेच्या कडेला एक तरणा पोरगा दोराच्या भल्या मोठ्या वेटोळ्यावर बसून विळ्यानं डांगर चिरत होता. डोक्याला पांढरी टोपी. त्या साली सगळ्याच पोरांनी पागोटी टाकून टोप्या घातल्या होत्या, पण ह्याची जरा जास्तच तिरपी होती. वाडीवाला असावा, असं धनूला वाटलं.

"डांगर कसं दिधं?" तिनं विचारलं.

"इकाना नही," तो मान खाली घालूनच म्हणाला. "ज्याना हात मोकया, त्याले फुकट."

"मन्हा हातमा पोर शे, दखास नही का?"

"मंग तोंड उघड. फोड टाकस."

"मन्हं तोंड उघडं ना," धनू म्हणाली, "तं टोपी सोडीसन पयशी तू."

त्याचा विळा थांबला. मान वर आली, पण तो तिच्याकडे पाहीना. कुठूनशी लांबून हाक आल्यासारखा कान देऊन बसला.

"आखो एकदाव बोल."

"का बरं? बहिरा शे का?"

"नही…" आता कुठे त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं, असं पसरलं, की धनूला पदर नीट करावासा वाटला. "तू निंबोदानी ना? मी तुले वळखस. तोंड आज दखं. आवाज तीन वरीसपासून आयकी ऱ्हायनू."

तेवढ्यात काका परत मागे फिरून आले. "कोन गावना रे पोऱ्या?"

"आमोदं."

"कोना?"

"बाप नही. दगूबाईना पोऱ्या म्हनतस माले. दोधू."

ते नाव ऐकताच धनूनं बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

आता हे आधी सांगायला हवं. निंबोदं तापीच्या अलीकडच्या थडीला, आमोदं पलीकडच्या. जात एक, शेती सारखी, विहिरींना पाणीसुद्धा सारखंच. पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, दोन्ही गावांच्या बायका नदीत उतरल्या, की बार सुरू. वैशाखात तापी आटून मध्ये एवढीशी धार उरते. धारेच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहतात, सुपं वाजवतात, आणि समोरच्या गावाला गाण्यातून शिव्या देतात. एकेकाचं नाव घेऊन. गडीमाणसं मागं थडीवर बसून ऐकतात नि गालातल्या गालात हसतात. आमोद्याकडून बार चालवायची ती दगूबाई. तिचं तोंड म्हणजे तोफ. आणि तीन वर्षांपूर्वी निंबोद्याकडून त्या तोफेपुढे उभी राहिली ती धनू, तेव्हा पोरच होती. तिचं गेल्या साली जुळवलेलं गाणं अजून दोन्ही गावांत म्हणत होते:

आमोदाना दोधू खाटखाले लपस,
माय मारस हाका तं म्यांव म्यांव करस!

ह्या दोधूचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. दगूबाईचा एकुलता एक, एवढंच माहीत होतं. तेवढं शिवी द्यायला पुरे असतं.

"म्यांव," दोधू हळूच म्हणाला, आणि डांगराची फोड तिच्यापुढे धरली.

धनूनं फोड घेतली. बाळानं ती तिच्या हातातून तोंडाला लावली, आणि सगळा रस दोघांच्या अंगावर.

*

वाट एकच होती, तेव्हा बरोबर चालणं आलं. आमोद्याच्या झोक्यांसाठी त्यानं शहाद्याच्या बाजारातून नवा दोर घेतला होता, तो एका खांद्यावर. दुसऱ्या खांद्यावर थोड्या वेळानं भिकूचं बोचकंही आलं.

"भाऊ, जड व्हई," भिकू म्हणाली.

"नही वं बहिन."

भिकू त्याला भाऊ म्हणत होती. काका पोऱ्या म्हणत होते. धनू मात्र काहीच म्हणत नव्हती. बोलायचं झालं की "आयका…" म्हणून अर्ध्यावर सोडून द्यायची. भिकूच्या ते लगेच लक्षात आलं. सासरी राहिलेल्या बाईला असलं काही सांगावं लागत नाही.

उजवीकडे सातपुडा निळा निळा उभा होता. काठावरच्या निंबांना मोहर आलेला, त्याची बारीक पांढरी फुलं वाऱ्यानं अंगावर पडत होती. एका वळणावर समोरून डोंगरातली माणसं आली, मोहाच्या फुलांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेली. त्यातली एक म्हातारी, तिला सगळे फुलीबाई म्हणत होते, धनूपाशी थांबली. बाळाच्या हनुवटीला हात लावला. धनूकडे पाहिलं, दोधूकडे पाहिलं, आणि कमरेच्या गाठीतून मूठभर चारोळ्या काढून धनूच्या पदरात टाकल्या.

"पोऱ्या बापना मायेक दखास," ती म्हणाली. अगदी बापासारखा दिसतो.

काका पुढे होते. भिकू मागे होती. चूक दुरुस्त करायला वाटेवर दोघंच. धनूनं दोधूकडे पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. दोधूनं तिच्याकडे पाहिलं. आणि म्हातारी टोपली सावरत निघूनही गेली.

"सांगं का नही तिले?" धनूनं विचारलं.

"तू का नही सांगं?"

"मन्हा तोंडमा… चारोया व्हत्या."

चारोळ्या अजून पदरातच होत्या. पुढे कितीतरी वेळ दोधू उगाच दोर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत राहिला.

*

प्रकाशाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गोमाई तिथं तापीला मिळते. काशीला जाऊन आलं तरी प्रकाशाला आल्याशिवाय पुण्य पुरं होत नाही, असं काका प्रत्येक वेळी म्हणतात, आजही म्हणाले. मग काकांनी घाटावर आंघोळ केली, केदारेश्वराला पाणी घातलं, आणि देवळाच्या दगडी सावलीत अंग टाकलं. भिकू दर्शनाला आत गेली. गाभाऱ्यातला गारवा, बेलाचा वास, ओल्या दगडावर अनवाणी पाय… धनूलाही जायचं होतं. पण बाळ रडायला लागलं, आणि काही केल्या थांबेना.

दोधूनं खांद्यावरचा दोर सोडला. घाटावरच्या वडाच्या फांदीवरून टाकला, खाली गाठ मारली, भिकूच्या बोचक्यातलं लुगडं चौपदरी घालून झोळी केली. बाळ दोन झोक्यांत झोपलं.

"नवा दोर," धनू घाबरून म्हणाली. "पहिला झोका गौराईना ऱ्हास. तुन्ही माय काय म्हनी?"

"मायले कोन सांगी?"

"मी सांगसू. बारमा. गानं करसू: आमोदाना दोर निंबोदाना पोरनी उष्टा करा."

"कर. पन त्यामा मन्हं नाव टाक."

धनूनं झोळीला हलका झोका दिला. मान वर न करता म्हणाली, "शिव्या खावानी इतली हौस?"

"तुले म्हाईत नही…" तो दगडावर बसला, तिच्यापासून बराच दूर, पण आवाज खाली आणून. "गया साल तू ते गानं म्हनं. समदं गाव हासनं. मी घर गयू, जेवाले बसनू, आनि माय इचारस, काय रे, कसाले हासस? मी म्हनं, काही नही. मंग मी रोज ते गानं म्हनस. औत हाकताना. तुन्हा तोंडमाईन मन्हं नाव इतलं गोड लागस, तं माले वाटनं, ज्या दिन ही पोर शिव्या नही देवाव, नुसतं नाव ली…"

वाक्य पुरं झालं नाही. काका जागे झाले होते.

"उठा, उठा," ते म्हणाले. "ऊन कलनं. घर पोचाले जोयजे. सकाय सारवन, परवा आखाजी, आनि आखाजी सरनी का धानोराना पाव्हना येतस धनूले नारय देवाले. बरा घरना पोऱ्या शे, नंदुरबारले दुकान शे." हे त्यांनी दोधूला सांगितलं, पाहुण्याला घरची चांगली बातमी सांगावी तसं. "हिना बाप सुकलालनी निम्मा शब्द देयेल शे."

दोधू दोर गुंडाळायला लागला. एक वेटोळं घालायचा, सोडायचा, पुन्हा घालायचा.

धनूला धानोऱ्याचं माहीत होतं. इतके दिवस तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. कुठे तरी जायचंच असतं. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, नारळ ओटीत पडला की ती वाट बंद. आणि दुसरी वाट तर कोणी आखलेलीच नाही. निंबोद्याची लेक आमोद्याला कधी दिली नाही, आमोद्याची आणली नाही. ज्या गावाला शिव्या द्यायच्या, त्या गावाशी सोयरीक कशी? म्हाताऱ्या बाया हसून म्हणायच्या, लेक तिकडे दिली तर आखाजीला माहेरी येऊन सासूलाच शिव्या देईल.

*

आमोद्याच्या खाली नदी ओलांडायचा उतार लागला. तापीची धार तिथं मांडीएवढी. काका नि भिकू हात धरून पुढे झाले. बाळ दोधूच्या खांद्यावर होतं. आखाजीच्या आठवड्यात आमोद्याचा गडी निंबोद्याच्या थडीला पाय लावत नाही, म्हणून तो धारेच्या मध्यावर थांबला.

पाणी पायांभोवती वळसे घालून चाललं होतं. धनूनं बाळ घ्यायला हात पुढे केले. बाळ त्याची टोपी सोडीना. ती सोडवताना चार हात एकत्र आले, आणि कोणाचा कुठला, हे क्षणभर कळेना.

"बारमा येशी ना?" दोधूनं विचारलं.

"येसू."

"मन्हं नाव लेशी?"

"म्यांव म्यांव?"

"काय बी." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "धानोरावाला पाव्हनाना आधी… एक डाव ले. मी आयकी लिसू. मंग तू जाय."

धनूला काही तरी झणझणीत बोलायचं होतं. जिच्या तोंडाला दोन गावं भितात, तिनं बाळ नुसतं छातीशी धरलं. ती वळली. पलीकडच्या वाळूत भिकू उभी होती.

"काय म्हने भाऊ?"

"काही नही."

"तुन्हा नही, मन्हा भाऊ म्हनी ऱ्हायनी मी," भिकू म्हणाली, आणि बाळ घेतलं.

*

आखाजी झाली. मांडे झाले, आमरस झाला, पितरांना घागर झाली. आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दोन्ही गावांच्या बायका गौराई डोक्यावर घेऊन तापीत उतरल्या.

बार जोरात सुरू झाला. दगूबाई लुगडं कासोट्यात खोचून, सूप हातात घेऊन समोर उभी होती. उंच, सावळी, आवाज असा की वरच्या थडीवरच्या बैलांनी कान टवकारावेत. तिनं निंबोद्याच्या पोलिस पाटलाच्या मिशा काढल्या, सुपडूकाकांच्या घोरण्याचं गाणं केलं, आणि लंगड्या बैलालाही सोडलं नाही. धनूनं एकेकाला उत्तर दिलं. आमोद्याचा तलाठी झाला, कंजूष सावकार झाला, दगूबाईची रांधलेली जळकी डाळसुद्धा झाली. निंबोद्याच्या बायका सुपं बडवत होत्या. थडीवर बसलेला तिचा बाप, तापातून उठलेला सुकलाल, लेकीच्या तोंडाकडे पाहून मिशीत हसत होता.

पलीकडच्या थडीवर एक पांढरी टोपी होती. तिरपी.

"काय वं पोरी," दगूबाईनं गाणं थांबवून हाक दिली, "मन्हा पोऱ्या राह्यना का? का म्यांवले भ्यायनी?"

सगळ्या हसल्या. निंबोद्याच्या बायकांनी ताल धरला. गाणं सगळ्यांना पाठ होतं. धनूनं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं.

"आमोदाना…" धनूनं सुरुवात केली.

आणि थांबली.

तिला वाटलं, श्वास कमी पडला. पुन्हा घेतला. "आमोदाना…" पुढची दोन अक्षरं तोंडात आली, जिभेवर बसली, आणि तिथून हलेचनात. गेल्या साली हेच नाव तिनं पाण्यात दगड फेकावा तसं फेकलं होतं. आज ते फेकवेना. कान तापले. हात आपोआप डोक्यावरचा पदर पुढे ओढायला गेला.

सुपं एकेक करून गप्प झाली.

बोलायला उरलंच काय होतं? बाई जगातल्या साऱ्यांची नावं घेते. देवाचं घेते, सावकाराचं घेते, वैऱ्याचं घेते. एकाच माणसाचं घेत नाही. नदीत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या घरी असं एक न घेतलेलं नाव होतं. थडीवरच्या गड्यांना कळायला वेळ लागला. बायकांना लागला नाही. भिकूनं खाली पाहून बाळाचं टोपडं नीट केलं. सुकलालचं मिशीतलं हसू विरलं.

दगूबाईनं सूप खाली केलं. धारेपलीकडून ती धनूकडे पाहत राहिली. मग मागे वळून पाहिलं, त्या पांढऱ्या टोपीकडे. टोपी दोन्ही हातांनी डोळ्यांवर ओढलेली. त्याला वाटलं होतं, तिनं मुद्दाम टाळलं. धानोऱ्याची झाली.

मग दगूबाई सरळ पाण्यात शिरली. बारात कधी कोणी धार ओलांडली नव्हती. निंबोद्याच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं, तशीच ती धनूला ओलांडून थडीवर सुकलालपुढे जाऊन उभी राहिली.

"सुकलाल भाऊ, पोर मागाले उनी शे."

सुकलाल उठून उभा राहिला. "बाई, आज बार शे. आखाजीनं बोलनं नदीमा सोडी देवानं ऱ्हास. घर न्येवानं नही."

"बोलनी व्हती तं सोडी देतू," दगूबाई म्हणाली. "ती बोलनीच नही. जे बोलनीच नही, ते नदी कशी ली जाई?"

सुपडूकाका पुढे झाले. "धानोरावालासले शब्द…"

"निम्मा," सुकलाल तुटकपणे म्हणाला. त्याची नजर खाली वाळूत उभ्या लेकीवर होती. ती पाठमोरी होती, पण पदर डोक्यावर होता. त्याच्या धनूनं आजवर बापापुढेसुद्धा पदर घेतला नव्हता. त्यानं पागोटं नीट केलं. मग दगूबाईला म्हणाला, "आनि दरसाल? आखाजीले ती माहेरले येई. आठेच ह्या नदीमा हुभी ऱ्हाई. तुले शिव्या दी."

"मंग?" दगूबाईनं पदराचं पाणी पिळलं. "सासूले शिव्या कोनती सून देत नही? समद्या देतस. चुल्हापुढे बशीसन, तोंडमाच्या तोंडमा, बारा महिने. मन्ही सून वरीसमा एक दिन दी. तोंडवर. सूप वाजाडीसन. बाकीना दिन मन्हं घर मोकयं."

आधी भिकू हसली. मग मागची एक बाई. मग हसू धारेपलीकडे कसं पोचलं कोण जाणे, आमोद्याच्या बायका काही न ऐकताच हसू लागल्या. सुकलालनं तोंडावरून हात फिरवला.

"सुपडू," तो म्हणाला, "सकाय तू धानोराले जाय. हात जोडीसन सांग."

धनू वळली नाही. वळली असती तर रडली असती, आणि बारात रडायची रीत नाही. ती पलीकडे पाहत होती. तो अजून तिथंच उभा होता. आईला धार ओलांडताना त्यानं पाहिलं होतं, लोकांना हसताना पाहिलं होतं. कशाला हसले, हे त्याला ऐकू गेलं नव्हतं. एवढ्या लांबून त्याचे खांदे पडलेले दिसत होते. आता तो गावाकडे वळेल, असं वाटत होतं.

दगूबाई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. ओल्या लुगड्याला नदीचा वास येत होता.

"दख, चालना," ती पुटपुटली. "बारीक काळीजना शे मन्हा पोऱ्या. हाक मार त्याले."

"मी?"

"मंग कोन? मन्हा घसा बसना तुन्हामुये."

धनू पाण्याच्या कडेला गेली. पायाच्या बोटांवरून धार सरकत होती. तिनं तोंडापुढे हात धरले.

"आयकं का…"

पलीकडच्या थडीवरची पाठ थांबली. तो वळला. मग धोतराचा सोगासुद्धा न खोचता, वहाणा पायात तशाच ठेवून, दोधू पाण्यात उतरला.